निमंत्रकाचा रकाना

एकट्या बाईला कसली आली सिस्टीम, असं मला तोंडावर विचारणारे पनवेलमध्ये पुष्कळ आहेत. पूर्वी मी त्यांना समजावून सांगायचे. आता सांगत नाही, लिंक पाठवते.

मी लग्नपत्रिका आणि हळदीचे बॅनर करते. करते म्हणजे त्यांचं डिझाइन करते. बॅनर छापायला कळंबोलीत एक फ्लेक्सवाला आहे, पत्रिकांना जुन्या पनवेलातला एक प्रेस. माझ्याकडे ना गाळा, ना पाटी, ना हाताखाली माणूस. बेडरूमच्या खिडकीशी एक टेबल आहे आणि त्यावर लॅपटॉप. बिल्डिंगमधल्या बायका याला 'घरी बसून काहीतरी करते' असं म्हणतात. त्यांच्याच मुलींच्या पत्रिका करायची वेळ आली की मात्र मी 'आपली डिझायनर' होते.

आमच्याकडची पत्रिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. माझं माहेर जासईचं, त्यामुळे हे मी हक्कानं बोलू शकते. पनवेल-उरणच्या गावांतली पत्रिका म्हणजे त्या घराण्याची जनगणना असते. निमंत्रक, स्नेहांकित, मामा मंडळी, आत्या मंडळी, समस्त भावकी, आणि सगळ्यात खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. या गर्दीत नवरानवरीची नावं शोधावी लागतात. आणि नुसती नावं घालून भागत नाही, क्रम लागतो. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या मागे 'शेठ' लागतं, कुणाच्या पुढे 'माजी सरपंच'. धाकट्याचं नाव थोरल्याच्या वर गेलं तर दोन घरांचं येणंजाणं बंद होतं. लोक हसतात याला. मी हसत नाही, माझं पोट यावर चालतं.

सुरुवातीला मी ही नावं फोनवर, मेसेजवर, व्हॉइस नोटवर घ्यायचे. काका एक यादी पाठवणार, आत्या दुसरी. भाजी फोडणीला टाकावी तर 'अगो, माज्या जावयाचा नाव राहिला' म्हणून फोन. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी एका घरी व्हायचं तेच झालं. पत्रिकेत दोन भावांची नावं वरखाली झाली आणि नवऱ्याच्या बापानं गठ्ठाच्या गठ्ठा वाटायला नकार दिला. मी काय छापलं ते कुणाच्या सांगण्यावरून छापलं, हे त्या घरात कुणालाच सांगता येईना, आणि सगळ्यांचं बोट माझ्याकडे. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

मग मी माझं ऑफिस थाटलं. त्याला एक पैसा लागला नाही. एक ऑनलाइन कॅलेंडर, एक शीट, प्रत्येक घराचं एक फोल्डर, बस. नणदेच्या मुलानं मला पैसे भरून घ्यायचं काहीतरी भारी ॲप दाखवलं होतं. त्यात पानभर रंगीत चौकटी होत्या आणि काम कुठे लिहायचं तेच सापडत नव्हतं. मी म्हटलं, बाबा, मला चूल पेटवायची आहे, कारखाना काढायचा नाही.

कॅलेंडर मी घरातल्या सगळ्यांना उघडं करून ठेवलं. 'तू घरीच असतेस ना, जरा गॅसवाला येईल', 'तू घरीच असतेस ना, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने', हे मला रोज ऐकावं लागायचं. आता नियम असा की माझा वेळ हवा असेल तर कॅलेंडरमध्ये रिकामी जागा बघा आणि तिथे लिहा. नवरा महिनाभर रुसला. स्वतःच्या बायकोची अपॉइंटमेंट घ्यायची का, म्हणाला. मी म्हटलं, हो, घ्यायची. सासूबाई मात्र तीन दिवसांत शिकल्या आणि आता माझ्या मंगळवारच्या दुपारी स्वतःच्या नावानं अडवून ठेवतात.

शीटचा नियम याहून कडक. प्रत्येक घराला एक शीट. बघायची परवानगी घरातल्या हव्या तितक्या माणसांना, पण लिहायची फक्त एकाला. त्या माणसाला मी 'चावीवाला' म्हणते. नाव घालायचं, काढायचं, वरखाली करायचं, ते त्यानंच. मला फोन करून कुणीही काहीही सांगितलं तरी माझं उत्तर एकच, चावीवाल्याला सांगा. 'पत्रिका काराची का सरकारी फॉर्म भराचा' असं मला एका आजोबांनी विचारलं होतं. मी त्यांना पेढा दिला आणि नियम तसाच ठेवला.

हा नियम मी माझ्या डोक्याला ताप नको म्हणून केला होता. तो दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल हे माझ्या मनातही नव्हतं.

गेल्या लग्नसराईत कोन गावाहून एक बाई आल्या, बरोबर त्यांची मुलगी. मुलीचंच लग्न होतं. बाईंची कळंबोलीला ट्रकवाल्यांसाठी खानावळ आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दुपारचं जेवण वाढून, रात्रीच्या आधी मिळालेल्या वेळात आल्या होत्या, पदराला अजून फोडणीचा वास होता. मी शीट समजावून सांगितली. मुलगी म्हणाली, "मी धरते चावी, आईला नाही जमणार."

"माज्या फोनवर दे," बाई मला म्हणाल्या. मुलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

चार-पाच दिवस मी त्या शीटमध्ये एकेक अक्षर उमटताना बघत होते. एका बोटानं चाललेलं काम होतं ते. निमंत्रकाच्या रकान्यात पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं. दुसरं त्यांच्या दिराचं, मागे 'शेठ' लावून, पुढे 'श्री.' लावून. स्वतःच्या नावापुढची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. ती राहून गेली की काय म्हणून मी फोन केला.

"राह्यली नाय, सोडली हाय," त्या म्हणाल्या. "ते गं. भा. लावतात ना, त्यो नको. नि खाली कोपऱ्यात पन नको. पोरीला मी वारवली, लगीन मी लावतंय, बोलावनार पन मीच. नाव म्हंजे नाव."

आमच्याकडे असं नसतं, हे मला ठाऊक होतं. बाप गेलेला असला की निमंत्रक काका होतो. आई असते, पण खाली कुठेतरी, गं. भा. लावून, सगळ्या सौभाग्यवती संपल्यावर. इतकी वर्षं मी तशाच पत्रिका केल्या होत्या आणि एकदाही मला त्यात काही टोचलं नव्हतं, कारण मला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. मी उठून चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले, हे माझ्या कामात क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी दिरांचा फोन आला. शीट बघायची परवानगी त्यांनाही होती.

"बाय, थोरी गलती जाली हाय. वैनीला मोबाईल कलत नाय. माजा नाव वर घे, तिचा खाली टाक. लहान कामाला तिला कनाला तरास."

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. चावी वहिनींकडे आहे, त्यांना सांगा, त्यांनी बदललं की माझ्याकडे आपोआप बदलेल.

"अगो पन कन्यादानाला मी बसनार. तिला थोरी बसता येतंय? जो बसनार त्यो निमंत्रक. ही रीत हाय."

"असेल. तुम्ही वहिनींना सांगा."

"तू जासईची ना? तू आपलीच पोर हायस, तुला काय येगला सांगाला लागतंय?"

हे 'आपलीच पोर' मला चांगलं ओळखीचं आहे. आपलीच पोर म्हणजे जिला विचारावं लागत नाही ती. मी शहरातली शुद्ध मराठी बोलायला लागले की मला राग आलाय हे माझ्या माहेरच्यांना कळतं. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी हे घरी सांगितलं तर नवरा काळजीत पडला. हा दीर गावातला वजनदार माणूस. खडी-रेती पुरवण्याचा धंदा, चार डंपर, कुणाच्याही हळदीला पहिल्या रांगेत. कोनमधली निम्मी कामं माझ्याकडे त्यांच्या शब्दावर येत होती. नवरा म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? एक नाव वरखाली करायचं तर आहे."

माझं पित्त खवळलं. एक नाव वरखाली करणं हेच माझं काम आहे, दुसरं मी काय करते? ते जर किरकोळ असेल तर मग मीच किरकोळ. मी त्याला हे जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. सासूबाई आतून बाहेर आल्या, दोघांकडे बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग एका दुपारी दीर स्वतःच आले. पांढरे शुभ्र कपडे, हातात गाडीची किल्ली, बरोबर एक मित्र. सोफ्यावर बसले, पाणी घेतलं, चहा घेतला. जासईच्या माझ्या काकांची चौकशी केली, पुलाच्या कामाबद्दल बोलले, वाढलेल्या भाड्यांबद्दल बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालावं? शेवटी मीच म्हटलं, "पत्रिकेचं बोलायचंय ना?"

"त्याच्यात बोलाचा काय," ते म्हणाले. "तू वर माजा नाव घे नि छापून टाक. छापल्यावर ती काय बोलनार?"

त्या वाक्यानं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी वर्षं हे असंच होत आलं होतं. पुरुषानं प्रेसवाल्याला फोन करायचा, प्रेसवाल्यानं छापायचं, आणि बाईला छापलेला गठ्ठा दाखवायचा. तुझं नाव वर नको, हे तिच्या तोंडावर कधी कुणाला म्हणावंच लागलं नव्हतं. ते म्हणण्याचं काम आमच्यासारखे लोक करत होते, न बोलता, संगणकावर. आणि माझ्या त्या फुकटच्या शीटनं नेमकं तेच बंद पाडलं होतं. नाव काढायचं असेल तर ते ज्याचं आहे त्याला सांगून काढा.

"मी वहिनींना फोन लावते," मी म्हटलं. "तुम्ही इथूनच सांगा. त्या हो म्हणाल्या तर तुमच्यासमोर बदलते, तुम्ही सोफ्यावरून उठायच्या आत."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टीपॉयवर त्यांच्या पुढ्यात ठेवला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. खानावळीत पंगत चालू असावी.

"वहिनी, तुमचे भावजी आलेत माझ्याकडे. त्यांना पत्रिकेबद्दल तुमच्याशी बोलायचंय."

"बोला ना, भावजी," त्या म्हणाल्या.

भावजी फोनकडे बघत राहिले. मित्रानं त्यांना कोपरानं ढोसलं.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

"आजून कंचा. लोका जेवतात."

"मंडपवाला आला व्हता का?"

"सकालीच आला."

"नि मटनाचा?"

"सांगितलाय. आजून काय, भावजी?"

"काय नाय. बरा हाय," असं म्हणून त्यांनी स्वतःच बोट लावून फोन बंद केला. मग उठले. दारात चपला घालताना मला म्हणाले, "तुजा ह्यो शीट-बीट तुज्याकडंच ठेव. गावचा काम तुज्याकडं परत नाय येनार." मी म्हटलं, नको येऊ दे. माझा आवाज थरथरला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

पत्रिका बाईंच्या सांगण्याप्रमाणे छापली. हळदीचा बॅनरही तसाच केला, वर त्यांचं नाव, त्याखाली दिरांचं. हळदीच्या दिवशी संध्याकाळी मी कोनला गेले, कारण आमंत्रण होतं आणि नाही गेले तर मी घाबरले असं झालं असतं.

गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि बघते तर दोन बॅनर. एक माझा. त्याच्या समोरच्या बाजूला दुसरा, माझ्यापेक्षा दुप्पट मोठा, दुसऱ्या कुणाकडून करवून आणलेला. त्यावर दिरांचा गॉगल घातलेला फोटो, निमंत्रक म्हणून एकटे तेच. बाईंचं नाव त्यावर कुठेही नव्हतं, गं. भा. लावूनसुद्धा नाही.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बाई मंडपात हळदीची ताटं बघत होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता कळंबोलीला फोन करते, याच्याही दुप्पट बॅनर करून आणते, माझ्यातर्फे.

"कनाला?" त्या म्हणाल्या. "एक असता तर कोनी वाचला नसता. आता दोन हायेत ना, सगले थांबून वाचतात. बघ तू."

मी बघितलं. खरंच लोक थांबत होते. आधी हा वाचायचे, मग तो, मग परत हा. बायका जास्त वेळ थांबत होत्या. डीजे सुरू झाला होता तरी गल्लीच्या तोंडाशी घोळका हलेना. दीर मंडपात पाहुण्यांचं स्वागत करत होते, पण त्या बाजूला जात नव्हते.

बाईंच्या सासूबाई, म्हणजे या दिरांची आई, खुर्चीवर बसून होत्या. गुडघ्यांनी अधू, डोळ्यांनीही. लोक तिकडे काय बघतात म्हणून त्यांनी हट्ट धरला. बाईंनी आणि मी खुर्चीसकट उचलून त्यांना बॅनरपाशी नेलं आणि नवरीच्या मैत्रिणीनं दोन्ही बॅनर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवले, पहिल्या नावापासून शेवटच्या पोरापर्यंत. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"नि मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

ती दोन्हीकडे नव्हती. घरातली सगळ्यात थोर बाई, आणि तिचं नाव ना मुलाच्या बॅनरवर होतं ना सुनेच्या. सून माझ्याकडे बघू लागली, मी सुनेकडे. मग त्यांना परत मंडपात नेलं आणि हळद लागली.

लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. मंडपाच्या दारात लावायचा स्वागताचा एक बॅनर छापायचा बाकी होता, तो मी सकाळी फ्लेक्सवाल्याकडे धाडणार होते. फाइल उघडते तोच बाईंचा फोन.

"शीट उघड. आज माज्याकडं येल नाय, तूच लिव. आयेचा नाव घालायचाय. माज्या वर."

"उघडली. सांगा नाव."

"थांब, भावजी हतंच हायेत," त्या म्हणाल्या आणि लांबून त्यांचा आवाज आला, "भावजी, आयेचा नाव सांगा हिला."

फोन दिरांकडे गेला. माझ्याशी ते काही बोलले नाहीत, नुसतं नाव सांगितलं, रेशनकार्डावरचं असतं तसं, मधे नवऱ्याचं, मागे आडनाव. मी लिहायला लागले. तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"त्यो नाय. त्यो तुज्या बापसानी लगनात ठेवला. माजा नाव येगला हाय."

"आये, मंग काय हाय तुजा नाव?" दिरांनी विचारलं. मघाचा जाड आवाज आता राहिला नव्हता.

मग तिनं सांगितलं. एकच शब्द, आईबापांनी ठेवलेला. फोनच्या पलीकडे तिचा मुलगा तो हळूच पुन्हा म्हणाला, सून म्हणाली, आणि कुठूनतरी नवरीचाही आवाज आला, तीही तोच शब्द म्हणत होती. मी शीटमध्ये सगळ्यात वर एक नवी ओळ घातली आणि ते नाव लिहिलं. त्या घरात ते त्या सकाळपर्यंत कुणीही ऐकलेलं नव्हतं.